बाबा कुलपात कशाला?

चित्र चार फूट रुंद आणि तीन फूट उंच आहे. गाडगेबाबा रस्ता झाडताहेत. पाठ वाकलेली, दोन्ही हात खराट्यावर, चेहरा अर्धा वळलेला. त्यामुळे एका कानातली कवडी दिसते, दुसऱ्या कानातली फुटक्या बांगडीची काच दिसत नाही. गाडगं डोक्यावर नाही, बाजूला दगडावर ठेवलंय. खराट्यानं उडालेली धूळ अण्णांनी उन्हात पिवळी रंगवली आहे, आणि चित्राचा सगळा जीव त्या धुळीत आहे असं मला लहानपणापासून वाटत आलंय.

अण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरात चित्रकला शिकले आणि आमच्या तालुक्याच्या गावी हायस्कुलात चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले. लहानपणी आजोबांबरोबर कार्तिकीला पंढरपूरला गेले असताना त्यांनी बाबांना पाहिलं होतं. कीर्तन त्यांना आठवत नसे. गर्दी यायच्या आधी वाळवंट झाडणारा माणूस तेवढा आठवे. १९७६ साली, बाबांच्या जन्मशताब्दीला, त्यांनी हे तैलचित्र केलं. कॅनव्हासच्या मागे पेन्सिलीनं तारीख आहे : २३ फेब्रुवारी १९७६.

चाळीस वर्षं ते आमच्या माजघरात होतं. २०१६ मध्ये अण्णा गेले, मग घर विकायचं ठरलं. दादा पुण्यात फ्लॅटमध्ये, धाकटी बहीण नाशिकला, मी गावातच पण दोन खोल्यांत. एवढी भिंत कुणाकडेच नव्हती. त्याच सुमारास, २०१८ मध्ये, आमच्या नगरपरिषदेची नवी इमारत पूर्ण झाली आणि आम्ही तिघांनी ठरवलं की चित्र तिथं द्यायचं. मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते, त्यामुळे पळापळ माझ्याकडे आली. मला वाटलं होतं, अर्ज द्यायचा, चित्र द्यायचं, आणि २३ फेब्रुवारी २०१९ च्या जयंतीला ते भिंतीवर लागलेलं बघायचं.

ऑक्टोबरात अर्ज दिला. आवक क्रमांक पडला. हेडक्लार्क माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील होते, त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, पैशाची देणगी असती तर आत्ता पावती फाडून दिली असती. वस्तूचं काय करायचं ते बघावं लागेल." त्यांना टाळाटाळ करायची नव्हती. वस्तू देणारं माणूस त्यांच्याकडे खरोखरच कधी आलं नव्हतं. खुर्च्या, पंखे, पाण्याचा कूलर आले होते, पण त्यांना ठराव लागत नाही आणि त्यांच्यावरून कुणी भांडतही नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. कला संचालनालयाचं मान्यतापत्र, पोलिसांचं ना-हरकत, जागेच्या मालकीचा दाखला आणि देखभालीचं हमीपत्र, एवढं जोडा. मी हबकले. मग ज्या शासन निर्णयाचा पत्रात हवाला होता तो मिळवला आणि रात्री बसून वाचला. सामान्य प्रशासन विभागाचा २ मे २०१७ चा निर्णय. तो थोर व्यक्तींचे पुतळे उभारण्याबाबतचा आहे. पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, स्थानिक संस्थेचा ठराव, पोलिसांचा अभिप्राय, पुढच्या देखभालीची जबाबदारी, अशा अटी त्यात आहेत. त्या पुतळ्यासाठी योग्यच आहेत. पण माझ्याकडे भिंतीवर टांगायचं चित्र होतं.

निर्णयाची प्रत घेऊन मी मुख्याधिकाऱ्यांना भेटले. तिशीतला मुलगा, नुकताच बदलून आलेला. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे, हा निर्णय चित्राला लागू होत नाही. पण यात विचारलेले प्रश्न चुकीचे नाहीत." जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक रस्ते आणि पदपथांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये असा आदेश दिला. तेव्हापासून लोक इमारतीच्या आतली जागा मागतात, आणि आतल्या जागेसाठी त्यांच्याकडे बोट ठेवायला ओळ नाही, असं त्यांनी सांगितलं. मग एका कोऱ्या कागदावर त्यांनी माझ्यासमोर लिहिलं : चित्र कुणाच्या मालकीचं? बाबांसारखं दिसतं हे कोण सांगणार? लावायचं कुठे? दहा वर्षांनी बघणार कोण?

चौथा प्रश्न त्यांनी अधोरेखित केला. त्या दिवशी मला तो सगळ्यात सोपा वाटला होता. चित्राला काय बघायचं असतं?

मालकीचा प्रश्न कागदावर पटकन सुटला. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर बक्षीसपत्र, तिघा वारसांच्या सह्या, नोटरी. वकिलांनी एक गोष्ट सांगितली ती मला माहीत नव्हती. चित्र दिलं म्हणजे त्याचा स्वामित्वहक्क, म्हणजे कॉपीराइट, जात नाही. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो वारसांकडे राहतो. म्हणजे नगरपरिषदेला उद्या दिनदर्शिकेवर ते छापायचं तर आम्हाला विचारावं लागेल. आम्ही तशी परवानगी बक्षीसपत्रातच देऊन टाकली.

घरात मात्र सोपं गेलं नाही. दादाचं म्हणणं, चित्राखाली पितळी पट्टी हवी : 'कै. अण्णांच्या स्मरणार्थ, कुटुंबीयांकडून सप्रेम भेट', आणि खाली आमची तिघांची नावं. मुख्याधिकारी देणगीदाराच्या नावाला नको म्हणाले. एकाला दिलं की प्रत्येक बाकावर, प्रत्येक कूलरवर नाव येतं, आणि मग इमारत गावाची वाटत नाही. दादा फोनवर चिडला, "फुकट देतोय आणि नावही नको?" खरं सांगायचं तर मलाही ते नाव हवं होतं. अण्णांनी आयुष्यभर शाळेच्या स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवले, गावातल्या गणपतीच्या आराशी केल्या, कशावरही त्यांची सही नाही. या एका चित्रावर आहे. दोन दिवस मी दादाला काहीच बोलले नाही. मग धाकटीच म्हणाली, "चित्रकार म्हणून नाव येईलच ना? आपलं कशाला पाहिजे?" तिथं ते मिटलं.

जानेवारीत मुख्याधिकाऱ्यांनी तिघांना चित्र बघायला आमच्या घरी पाठवलं : नगरपरिषदेचे बांधकाम अभियंता, वाचनालयाचे ग्रंथपाल आणि दुसऱ्या शाळेतले चित्रकलेचे एक सर. ही काही कायद्यातली समिती नव्हती, पण मला वाटतं त्या तिघांनी केलं ते काम कायद्यानं सांगायला हवं होतं. चित्रकलेच्या सरांनी चित्र भिंतीवरून उतरवून उजेडाला तिरकं धरलं. वरच्या डाव्या कोपऱ्यात रंगाला बारीक भेगा गेल्या होत्या आणि चौकटीच्या मागे पांढरट बुरशी होती. चाळीस वर्षं आम्ही रोज त्या चित्राखाली जेवत होतो आणि मागे कधी पाहिलं नव्हतं. ग्रंथपालांनी बाबांची जुनी छायाचित्रं असलेली दोन पुस्तकं आणली होती, ती शेजारी धरून पाहिली. दाढी, कपाळ, कानातली कवडी, अंगावरची चिंध्यांची वस्त्रं. "बाबाच आहेत," एवढंच म्हणाले.

आरोग्य समितीचे सभापतीही मागाहून आले. बराच वेळ चित्रासमोर उभे राहिले आणि मग त्यांनी विचारलं, "सगळं छान आहे बाई, पण हार घालायचा कुठे?"

तो प्रश्न मनापासूनचा होता. आपल्या कार्यालयांत जयंती म्हणजे खुर्चीवर ठेवलेला फोटो, समोर पाहणारा चेहरा, त्याला हार, कपाळाला गंध, पुढे उदबत्ती. हे चित्र त्या रीतीत बसत नाही. बाबा समोर बघतच नाहीत, ते खाली कचऱ्याकडे बघताहेत. सभापतींच्या मनात चेहऱ्यामागे प्रभावळ असलेलं चित्र होतं, आणि तसं दुसरं करून घेण्याचा खर्च उचलायचीही त्यांची तयारी होती. मी त्यांना सांगितलं की अण्णांनी पाहिले ते बाबा असे होते. ते काही बोलले नाहीत. पण चित्रकलेचे सर म्हणाले की तैलचित्राला ओला हार घालूच नये, पाणी कॅनव्हासमध्ये उतरतं, आणि बोटानं लावलेलं गंध काढताना खालचा रंगही निघतो. हे कुणालाच माहीत नव्हतं. गावातल्या शाळांमधली, पतपेढ्यांमधली जुनी तैलचित्रं कपाळाशी काळवंडलेली का असतात, ते मला त्या दिवशी कळलं.

फेब्रुवारीच्या सर्वसाधारण सभेत चित्राचा विषय आयत्या वेळचा म्हणून आला. विषयपत्रिकेवर नसलेल्या विषयाला दोन सदस्यांनी हरकत घेतली आणि तो पुढच्या सभेवर गेला. जयंती चित्राविना झाली. १० मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. मेअखेरपर्यंत सगळं थांबलं.

त्या थांबलेल्या महिन्यांत मी ग्रंथपालांकडून पुस्तकं आणून वाचत होते. पुण्याच्या मंडईत १९२४ साली लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला. पुढच्याच वर्षी केशवराव जेध्यांनी पुणे नगरपालिकेत महात्मा फुल्यांचा पुतळा उभारायचा ठराव मांडला, आणि तो फेटाळला गेला. गावानं कुणाला आपलं म्हणायचं, याचा तो निवाडा होता, आणि मतं देणाऱ्यांनी तो चुकीचा दिला. पुढे टिळकांचा पुतळा असलेल्या त्याच रे मार्केटला आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. हे वाचल्यावर मला आमच्या सभेची थोडी भीती वाटायला लागली. तोवर मी धरून चालले होते की बाबांना कोण नाही म्हणणार.

जुलैच्या सभेत विषय क्रमांक ११ होता. मी मागच्या बाकावर बसले होते. नागरिकाला तिथं ऐकता येतं, बोलता येत नाही. सूचक उभे राहिले, अनुमोदक उभे राहिले, आता झालंच असं वाटलं. मग एक सदस्य म्हणाले, बाबांचं चित्र लागणार असेल तर आमच्याही समाजाच्या संतांचं लागलं पाहिजे, भिंत आत्ताच वाटून घ्या. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. ते बोलणं मला लागलं, कारण बाबांना एका समाजात बसवणं म्हणजे त्यांच्या सगळ्या आयुष्यावर बोळा फिरवणं. पण त्या सदस्यांचीही बाजू नंतर माझ्या लक्षात आली. त्यांच्या वस्तीतल्या माणसांना त्या इमारतीत आपलं असं काहीच दिसत नव्हतं. मागायची संधी मिळाली तेव्हा त्यांनी मागितलं.

त्यांच्यानंतर एक ज्येष्ठ सदस्य उठले. माळकरी, दरवर्षी वारीला जाणारे. ते शांतपणे म्हणाले, "बाबांनी स्वतः सांगून ठेवलंय की माझी मूर्ती नको, समाधी नको. मग आपण हे कशासाठी करतोय?"

सभागृह गप्प झालं. मीही. नऊ महिन्यांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता, आणि अण्णा असते तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं ते मला आठवेना. उत्तर दिलं ते स्टेशन रोडकडच्या प्रभागातल्या पहिल्यांदाच निवडून आलेल्या सदस्येनं. सफाई कामगारांची वसाहत तिच्या प्रभागात येते. ती म्हणाली, "काका, हे देवळात लावायचं नाहीये. नगरपालिकेत लावायचंय. गाव झाडायचं काम आपल्याकडंच आहे ना?" ज्येष्ठ सदस्य थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग पूजा करायची नाही, असं ठरावात लिहा."

तसं लिहिलं गेलं. ठरावाची प्रत माझ्याकडे आहे आणि त्यातला मजकूर मला पाठ झालाय. चित्रास हार, गंध, अक्षता लावू नयेत, जयंतीस नेहमीप्रमाणे छायाचित्र ठेवावे. पट्टीवर फक्त विषय, चित्रकाराचे नाव आणि वर्ष असावे. यापुढे कोणतीही कलाकृती देणगी म्हणून आल्यास आधी अभियंता, ग्रंथपाल आणि कलाशिक्षक यांनी ती पाहून लेखी अभिप्राय द्यावा आणि तो विषयपत्रिकेसोबत सदस्यांना द्यावा. चित्र हलवायचे झाल्यास सभेचा ठराव लागेल आणि कुटुंबास कळवावे. दरवर्षी पावसाळ्याआधी अभियंत्यांनी चित्राची पाहणी करून नोंद ठेवावी. भिंत वाटून मागणाऱ्या सदस्यांनीही बाजूनं हात वर केला, कारण त्यांच्या मागणीला आता एक दार होतं. देणगी घ्यायची की नाही एवढंच ठरवायला बसलेल्या सभेनं ती कशी घ्यायची हेही ठरवलं, आणि ते माझ्यासमोर घडलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

जागा ठरावात 'सभागृह' अशी होती. ऑगस्टमध्ये अभियंता साहेबांनी सभागृहाच्या पश्चिमेच्या भिंतीवर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवला. आठ दिवसांनी मला बोलावून दाखवला. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब होते. वर्षभरापूर्वीची इमारत, बाहेरून कुठे डाग नाही, आणि भिंत आतून ओली. तिथं चित्र लावलं असतं तर दोन पावसाळ्यांत कॅनव्हास सुटला असता. उरलेल्या दोन भिंतींवर खिडक्या, तिसरीवर पडदा आणि प्रोजेक्टर.

आम्ही दोघं जिन्यात उभे राहून यावर बोलत होतो, तेवढ्यात आरोग्य विभागाचे मुकादम खालून वर येत होते. तीस वर्षं नोकरी झालेला माणूस. त्यांनी काय चाललंय ते विचारलं, ऐकलं आणि म्हणाले, "सभागृहाला महिनाभर कुलूप असतं, साहेब. बाबा कुलपात कशाला? हितं लावा की."

'हितं' म्हणजे जिन्याच्या पहिल्या वळणावरची भिंत. खालच्या मजल्यावर आरोग्य विभाग, त्याच्या दारात पहाटे सहाला सफाई कामगारांची हजेरी होते, आणि हजेरीला उभं राहिलं की समोर तीच भिंत येते. आतली भिंत, दोन्ही बाजूंना खोल्या, ओलीचा प्रश्न नाही. उत्तरेचा उजेड, ऊन थेट पडत नाही. अभियंता साहेबांनी तिथंही प्लास्टिक लावून पाहिलं. कोरडं निघालं.

जागा बदलल्यामुळे पुन्हा ठराव. मध्ये विधानसभेची आचारसंहिता. या काळात मुंबईला चित्रांचं जतन शिकलेल्या एका मुलीनं, माझ्या भाच्याच्या मैत्रिणीनं, चार दिवस राहून बुरशी काढली, भेगा पडलेला रंग बसवला. काच लावायची तर ती कॅनव्हासला टेकता कामा नये, मध्ये पट्टी हवी, आणि चौकटीच्या मागे चारी कोपऱ्यांत बुचाचे तुकडे हवेत, म्हणजे मागून हवा खेळते, हे तिनं फ्रेमवाल्याला उभं राहून करायला लावलं.

जडवस्तू नोंदवहीत चित्राची नोंद करताना हेडक्लार्क थांबले. किंमतीचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, काय लिहू?" मी म्हटलं, तुमच्याकडे रीत काय आहे ती करा. त्यांनी 'देणगी, रु. १' लिहिलं, आणि मग शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या मनानं, वळणदार अक्षरात लिहिलं : 'मूळ चित्र. पुन्हा करता येणार नाही.' मी त्यांच्यासमोर रडले, आणि त्यांनी वही मिटून पाणी मागवलं.

२० डिसेंबर २०१९ ला, बाबांच्या पुण्यतिथीला, चित्र लागलं. कार्यक्रम छोटा होता. दादा आणि धाकटी आली होती.

तीनच महिन्यांनी टाळेबंदी आली. इमारत बंद, सभा बंद, आणि पहाटे सहाची हजेरी मात्र एक दिवसही चुकली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नगरपरिषदेची मुदत संपून प्रशासक आले. तेव्हा दालनं बदलली, रंगरंगोटी झाली, जुने फोटो पोत्यात भरून गच्चीवरच्या खोलीत गेले. मला कुणीतरी सांगितलं तशी मी धावत गेले. चित्र जागेवर होतं. त्यावर कापड टाकलं होतं, आणि रंगाऱ्यांना हात लावू नका म्हणून मुकादमांनी चौकटीला ठरावाची झेरॉक्स चिकटवली होती.

२६ ऑगस्ट २०२४ ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा ३५ फुटी पुतळा कोसळला. रात्री बातम्या बघून मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला अभियंता साहेबांचा फोन आला. ते आता निवृत्त झालेत. म्हणाले, "बाई, मी आत्ता जिन्यात उभा आहे. हुक बघितले, दोन्ही घट्ट आहेत. बुचाचा एक तुकडा पडलाय, तेवढा दुपारी बसवून टाकतो."

मी त्यांना विचारलं, काचेवर धूळ आहे का? म्हणाले, नाही, कुणीतरी रोज पुसतंय.